मिनी ट्रॅक्टरमागचे बिऱ्हाड

दसऱ्यानंतर उमरगा तालुक्यातल्या तांड्यांवरून आणि कोरडवाहू गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडू लागतात. कोणी कर्नाटकात जाते, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, तर कोणी तालुक्यातच मुरूमच्या विठ्ठलसाई किंवा समुद्राळच्या भाऊसाहेब बिराजदार कारखान्याच्या उसावर. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे जायचे की नाही हा प्रश्न उरलेला नसतो. उरतो तो एवढाच, की कशात जायचे. कोपीच्या कामट्या, ताडपत्री, ज्वारीची पोती, पिठाचा डबा, गोधड्या, पाण्याचे बॅरल, एखादी शेळी, खुराड्यातल्या कोंबड्या असा पाच-सहा महिन्यांचा संसार एका गाडीवर चढतो. मुक्कामी पोचल्यावर तीच गाडी रिकामी होते आणि उसाला लागते.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. मागे जोडायची गाडी घेऊन कुटुंबासह मुक्कामाला जाणे ही कल्पना त्यामुळे शहरी वाचकाला नवी वाटते. उमरग्यात ती जुनीच आहे, फक्त तिच्यात पर्यटन नाही.

वर्षानुवर्षे या कामाला दोनच वाहने होती : बैलांची टायरगाडी आणि मोठ्या ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्या. अलीकडे तिसरे वाहन रुजले आहे. १५ ते २५ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्यामागे बैलगाडीच्याच घडणीची, दोन चाकांची गाडी. काही भागांत त्याला सरळ ‘जुगाड’ म्हणतात. बैलजोडीच्या किमती, वैरणीचा खर्च, पावसाळ्यात रिकाम्या बैलांना पोसणे आणि २०२२ सालच्या लम्पीने बसवलेली धास्ती, हे सगळे त्यामागे आहे. देवणी जातीचा हा मूळ मुलूख; इथला माणूस हौसेने बैल सोडत नाही.

मिनी ट्रॅक्टर घेताना सगळे जण अश्वशक्ती विचारतात. मागची गाडी मात्र ‘असेल ती’ जोडली जाते : जुन्या टायरगाडीचे जू काढायचे, दांडी कापायची, वेल्डिंगवाल्याकडून हूक लावून घ्यायचा. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. लहान ट्रॅक्टरला कोणती गाडी शोभेल हे अश्वशक्ती ठरवत नाही. ते ठरते मागच्या चाकांवर पडणाऱ्या भाराने आणि उतारावर मिळणाऱ्या ब्रेकने. हिशेब तिथून सुरू करून मागे यावे लागते.

आकडे मांडू. मिनी ट्रॅक्टर ८०० किलोचा धरू. १५ अश्वशक्तीच्या गटात वजन साधारण याच्या आसपास असते. रिकामी लोखंडी गाडी ५०० किलो, तिच्यावर ऊस अडीच टन. गाडी भरून ३,००० किलो, ट्रॅक्टरसह ३,८०० किलो. सपाट डांबरी रस्त्यावर चाके फिरत ठेवायला एकूण वजनाच्या साधारण दोन टक्के ओढ लागते, म्हणजे ७६ किलो. ताशी २० किलोमीटर वेगाने एवढी ओढ द्यायला चार किलोवॉट पुरतात, आणि १५ अश्वशक्ती म्हणजे ११ किलोवॉट. सपाटीवर इंजिनाची निम्मी ताकदही लागत नाही. चालकाचा आत्मविश्वास वाढतो तो इथे, आणि पुढच्या बहुतेक चुका या आत्मविश्वासातूनच होतात.

आता शंभर मीटरला पाच मीटर चढ धरा. ओढीत १९० किलोची भर पडते आणि एकूण ओढ २६६ किलोवर जाते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ताशी दहा किलोमीटर वेगाने इंजिन हेही पेलते. मात्र ही ओढ रस्त्यावर उतरते ती मागच्या दोन चाकांमार्फत. ८०० किलोपैकी त्यांच्यावर ४८० किलो; गाडीच्या दांडीचा १५० किलो भार हुकावर आला तर सुमारे ६३०. कोरड्या डांबरावर पकड या भाराच्या सत्तर टक्के, म्हणजे ४४० किलो; काम भागते. ओल्या, सुट्या खडीवर पकड भाराच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी उरली तर हाती २१० किलोच येतात. लागणार २६६. चाक जागेवर फिरते, इंजिन गुरगुरत राहते आणि माणसे चाकाखाली दगड टाकायला धावतात.

फडात तर चढसुद्धा लागत नाही. मऊ जमिनीत चाक रुतत चालते, तेव्हा ओढ वजनाच्या दहा टक्क्यांवर जाते : ३८० किलो. कोरड्या मातीवर पकड भाराच्या निम्मी धरली तरी ३१५ मिळतात. परतीचा पाऊस झालेल्या काळ्या जमिनीत ही गणिते मांडायचीही गरज नाही. म्हणून सराईत टोळी फडात गाडी अर्धीच भरते आणि उरलेल्या मोळ्या डोक्यावरून बांधापर्यंत आणते. बाईच्या डोक्यावर चढणारे हे ओझे निम्मे तरी चुकीच्या जोडणीचे असते, हे कोणी हिशेबात धरत नाही.

हाच ट्रॅक्टर चारही चाकांना ओढ देणारा असेल तर पकड ६३० ऐवजी ९५० किलोवर मोजायची, म्हणजे ४७५ किलो. तीच गाडी त्याच फडातून बाहेर येते. फोर-व्हील ड्राइव्हसाठी जास्तीचे पैसे मोजायचे ते याच एका कारणासाठी. अश्वशक्तीचा आकडा त्यात दुय्यम आहे. देवणीची चांगली जोडी वजनाने मिनी ट्रॅक्टरच्या आसपासच भरते, ताकद सरासरी एका अश्वशक्तीची, तरी ती चिखलातून गाडी काढते, कारण आठही खूर ओढीला असतात.

चढावर गाडी अडते, एवढेच. खरा धोका उतारावर आहे, आणि सर्वांत दुर्लक्षित भागही तोच. मिनी ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना. जुगाडाच्या गाडीला बहुधा ब्रेकच नसतो. थांबायचे झाले तर ८०० किलोच्या यंत्राने ३,८०० किलो थांबवायचे. ताशी २० किलोमीटर वेगात या जोडणीत साठलेली ऊर्जा सुमारे ५९ किलोजूल होते. ब्रेक दाबल्यावर भार पुढच्या चाकांकडे सरकतो, त्यामुळे मागच्या चाकांकडून कोरड्या डांबरावर फार तर ३०० किलोचा अडसर मिळतो. चाकांचा स्वतःचा विरोध ७६. सपाटीवर थांबायला १६ मीटर लागतात. पाच टक्के उतारावर १९० किलो उलट्या बाजूने ढकलत असतात, तेव्हा लागतात ३२ मीटर. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतचा एक सेकंद धरला तर आणखी साडेपाच. नुसता ट्रॅक्टर असता तर सपाटीवर पाच मीटरांत उभा राहिला असता. हे कोरड्या डांबरावरचे झाले. मळीने, चिखलाने किंवा पडलेल्या पाचटाने रस्ता निसरडा असेल, तर मागची चाके अडकतात, गाडी हुकाला ढकलत राहते आणि ट्रॅक्टर दांडीभोवती वळून आडवा होतो. बैलगाडी जितकी हळू कलंडते तितका वेळ इथे मिळत नाही.

बैलांना हा प्रश्न का आला नाही? ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते म्हणून. बैल ताशी चार किलोमीटर चालतात. मिनी ट्रॅक्टर तीच गाडी, तेवढ्याच उसासह, ताशी वीसने नेतो : वेग पाचपट, थांबवायची ऊर्जा पंचवीसपट. गाडीचा आस, बेअरिंग, टायर, सगळे बैलाच्या चालीसाठी घडवलेले. जनावरांच्या गाड्यांसाठी भारतात टायरचा वेगळा वर्गच आहे. तो कमी वेगासाठी असतो आणि ट्रॅक्टरच्या वेगात तापतो. माझ्या मते जू कापून हूक लावण्यातली मूळ खोट हीच आहे : आपण ओढणारा बदलला, ओढले जाणारे वाहन मात्र बैलाच्या काळातच राहिले.

युरोपात विनाब्रेक ट्रेलरला ७५० किलो किंवा ओढणाऱ्या गाडीच्या निम्मे वजन, यातले जे कमी असेल ती मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन घेणाऱ्या नवख्याला सांगतात की मागची गाडी पुढच्या मोटारीच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नसावी. आपल्या ८०० किलोला हा नियम लावला तर ६८० किलो मिळतील, म्हणजे रिकामी गाडी आणि वर एक बिऱ्हाड. हे आकडे जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही. तिकडे कॅराव्हॅन ताशी ९६ किलोमीटरपर्यंत धावते, इकडे वीस. कमी वेगात वजनाची मुभा जास्त मिळते, हे मान्य. ब्रेकची सूट मात्र त्यातून निघत नाही.

म्हणून पहिला निर्णय : गाडीला स्वतःचा ब्रेक हवा, आणि तो नसेल तर उसाचा भार दीड टनावर थांबवायला हवा. ब्रेक लावायला फार मोठी कारागिरी लागत नाही. जुन्या जीपचा किंवा टेम्पोचा ड्रमसकटचा मागचा एक्सल गाडीखाली बसवता येतो. कॅराव्हॅनमध्ये वापरतात तशी ढकलब्रेकची जोडणी उत्तम : दांडी दोन नळ्यांची करायची, उतारावर गाडी पुढे रेटू लागली की आतली नळी सरकते, तिला जोडलेली सळई ब्रेकचे लायनर ड्रमवर दाबते. गाडी जितकी ढकलेल तितका ब्रेक घट्ट. चालकाने काही करायचे नाही. रिव्हर्स घेताना तो अडकतो, तेवढ्यापुरती एक पिन घालावी लागते. हे जमणार नसेल तर निदान हाताने ओढायचा ब्रेक तरी असावा. फडाच्या उतारावर गाडी उभी करताना तोच कामाला येतो.

दुसरा निर्णय आसाचा. दोन आसांच्या चारचाकी ट्रॉलीचे पुढचे चाक वळते, ती स्वतःच्या पायांवर उभी राहते आणि ट्रॅक्टरवर भार टाकत नाही. मोठ्या ट्रॅक्टरला ते सोयीचे. मिनी ट्रॅक्टरला तोटा, कारण त्याला हुकावर थोडा भार हवाच असतो. पकड त्यातूनच येते. लहान ट्रॅक्टरमागे एकाच आसाची गाडी योग्य, पण मग आस कुठे बसवायचा यावर सगळे अवलंबून राहते. आसापासून हुकापर्यंतचे अंतर अडीच मीटर आहे असे धरा. अडीच टन उसाचा मध्य आसाच्या १५ सेंटीमीटर पुढे आला तर हुकावर १५० किलो येतात. तोच मध्य १५ सेंटीमीटर मागे गेला तर गाडी उलाळ होते, हूक वर उचलला जातो आणि मागच्या चाकांवरचे १५० किलो कमी होतात. एक वीत पुढे-मागे, आणि चाकावरच्या भारात ३०० किलोंचा फरक. बैलगाडीवाल्याला हे शिकवावे लागत नाही. उलाळ गाडीत बैलाच्या गळ्याला फास बसतो आणि धुरजड गाडीत खांद्याला आवाळू येते, ते त्याला दिसते. ट्रॅक्टर कुरकुरत नाही.

धुरजडपणालाही मर्यादा आहे. हूक मागच्या आसाच्या ६० सेंटीमीटर मागे आणि ट्रॅक्टरच्या दोन आसांत दीड मीटर अंतर असेल, तर हुकावरचे २०० किलो पुढच्या चाकांवरचे ८० किलो उचलतात. चढावर ओढीमुळे आणखी साठेक किलो जातात. पुढच्या चाकांवर मुळात ३२० असतात. १८० उरले की स्टिअरिंग हलके लागते आणि खड्ड्यावर पुढचे चाक उडते. हुकावर १०० ते १५० किलो, त्याहून जास्त नको, आणि हूक मागच्या आसाच्या पातळीपेक्षा खालीच हवा. दांडी वरच्या लिंकला बांधणारे महाभाग आहेत. चढावर ट्रॅक्टर मागे उलटतो तो याच जोडणीत.

आता बिऱ्हाडाकडे. दोन कोयत्यांचा, म्हणजे दोन जोडप्यांचा संसार ४०० किलोंच्या घरात जातो. शेळी, बॅरल आणि सरपण धरून पाचशे. गाडी धरून मागे हजार किलो, ट्रॅक्टरसह १,८००. हीच जोडणी पाच टक्के उतारावर, ताशी वीसवरून पंधरा मीटरांच्या आत उभी राहते. गावाहून मुक्कामापर्यंतचा प्रवास त्यामुळे सुखाचा होतो, चालकाचा हात बसतो, आणि पहिल्या खेपेला ऊस भरला की तोच हात त्याच अंतरावर ब्रेक मारतो. गाडी संसार बघून निवडायची नसते. उसाची भरलेली खेप बघून निवडायची असते, संसार आपोआप मावतो. साटा तीन मीटर लांब आणि दीड-पावणेदोन मीटर रुंद पुरतो. त्याहून मोठा घेतला की मोळ्या भरायचा मोह आवरत नाही. मोठा साटा हा मुकादमाला आवडतो, उताराला नाही.

मुक्कामी गाडीचा दुसरा उपयोग सुरू होतो. कोप्या पडतात, आणि जमिनीच्या ओलीपासून, उंदरांपासून, कुत्र्यांपासून धान्य वाचवायला उंच जागा लागते. रात्रीपुरती पिठाची आणि ज्वारीची पोती गाडीत, वरून ताडपत्री. खेप आलीच तर अर्ध्या तासात रिकामी. म्हणून एक आसाच्या गाडीला दांडीखाली पाय हवा, स्क्रूचा असला तर उत्तम. पाय नसलेल्या गाडीच्या दांडीखाली विटा रचतात, आणि मुले दांडीवर चढून खेळतात. मागच्या बाजूलाही दोन टेकू असावेत, नाहीतर मागून पोते चढवताना गाडी उलाळते. फाळके काढता-घालता येणारे घ्यावेत. बिऱ्हाड नेताना लागतात, ऊस भरताना अडचण करतात.

माणसांनी कुठे बसायचे? गाडीत नाही. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर हे वेगळे वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी आणि शेतीची ट्रॉली माल वाहण्यासाठी असते. अपघात झाल्यावर ट्रॉलीत बसलेल्यांच्या भरपाईचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात रेंगाळतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि येरमाळ्याच्या यात्रेपासून गाणगापूरपर्यंत सगळे ट्रॉलीतच बसून जातात. उपदेशाने ते थांबणार नाही. पण उसाच्या मोळ्यांवर पोर बसवून कारखान्याची खेप करणे हे वेगळे प्रकरण आहे. तिथे धरायला काही नसते आणि भाराचा मध्य आधीच उंच गेलेला असतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. तिच्याकडे शिक्षणाची सोय म्हणून पाहतात. माझ्या लेखी ती रस्ता-सुरक्षेचीही योजना आहे : वसतिगृहात राहिलेले मूल मोळ्यांवर बसत नाही.

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर वीसच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला मागून ऐंशीने येणाऱ्या ट्रकचे भय असते. मागे दोन लाल दिवे, त्यांची वायर ट्रॅक्टरला जोडलेली, आणि उसाच्या शेंड्यांनी झाकली जाणार नाही अशा जागी परावर्तक पट्टी. कारखाने हंगामाच्या सुरुवातीला पट्ट्या लावतात. चिखलाखाली त्या आठवड्यात दिसेनाशा होतात, पुसणे आपल्याकडे. लांबचा मुक्काम, शंभर किलोमीटरच्या पलीकडचा, असेल तर मिनी ट्रॅक्टर आणि गाडी दोन्ही ट्रकवर चढवून न्यावीत. टोळ्या मिळून ट्रक करतातच. डिझेलचा, टायरचा आणि दोन दिवसांच्या मजुरीचा हिशेब केला तर ते महाग पडत नाही.

अडचण अशी की ही निवड पुष्कळदा तोडणाऱ्याच्या हातात नसते. टायरगाडी कारखान्याकडून किंवा मुकादमाकडून मिळते, तिचे भाडे बिलातून कापले जाते, आणि मिळेल ती घ्यावी लागते. अशा वेळी बदलता येण्याजोग्या गोष्टी दोनच राहतात : भार आणि त्याची मांडणी. बुडख्याची बाजू जड असते, शेंड्याची हलकी. सगळ्या मोळ्यांचे बुडखे मागे गेले की गाडी उलाळलीच. थर आलटून-पालटून लावले, खालचा थर पुढे रेटला, की एक पैसा न खर्चता मागच्या चाकांना पकड मिळते. स्वतःची गाडी बांधून घेणाऱ्याने पैसे असे लावावेत : आधी ड्रमचा एक्सल, मग ट्रॅक्टरच्या वेगाला चालतील असे टायर, मग सुरक्षा-साखळी (पिन निसटली तर दांडी जमिनीत न रुतता ट्रॅक्टरला धरून राहते), मग पाय, आणि फाळके, रंग, मागे लिहायचे नाव सगळ्यात शेवटी. प्रत्यक्षात वेल्डिंगच्या दुकानात क्रम बरोबर उलटा चालतो.

हुकावरचा भार मोजायला वेगळे यंत्र लागत नाही. कारखान्याचा वजनकाटा असतोच. आधी पूर्ण जोडणी काट्यावर घ्यावी. मग ट्रॅक्टर पुढे घेऊन फक्त गाडीची चाके काट्यावर ठेवावीत, हूक न सोडता. गाडी रिकामी झाल्यावर ट्रॅक्टर एकटा तोलावा. पहिला आकडा ३,८००, दुसरा २,८५०, तिसरा ८०० आला, तर पहिल्यातून उरलेले दोन वजा करून १५० उरतात, तो हुकावरचा भार. काट्यावर मागे रांग लागलेली असते आणि काटेवाला चिडतो, म्हणून हे हंगामाच्या पहिल्या आठवड्यात, रात्रीच्या पाळीत, रांग नसताना उरकावे. उत्तर शून्याखाली आले तर पुढच्या खेपेला खालचा थर वीतभर पुढे.